पूजेतून उठवलेली पेटी

इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्यावर एकच नोटीस निघाली आहे, आणि ती मी फार जपून ठेवली आहे. कुठे ठेवली आहे ते ओघात सांगेनच. त्या नोटिशीत माझे दोन गुन्हे लिहिले आहेत. पहिला, कंपनीच्या मालकीचं कुलूप फोडलं. दुसरा, आयुधपूजेच्या दिवशी मांडलेली पूजा मोडली. दोन्ही गुन्हे मला मान्य आहेत. तिसरा एक आहे, तो त्यांच्या लक्षातच आला नाही. तो मी स्वतःच सांगणार आहे, कारण खरी चूक तिथंच झाली होती.

आधी माझी ओळख. मी चेन्नईतल्या मैलापूरची. आमचं घराणं तंजावरचं. घरात मराठी बोलतो, पण ती अशी की त्यात 'मला' नाही, 'मज' आहे, आणि दर चार शब्दांनी एक तमिळ शब्द घरच्यासारखा मांडी घालून बसलेला असतो. इथं मी तुमच्यासारखं लिहितेय, तरी एखादा 'मज' निसटेलच. रोज सकाळी मी मैलापूरहून गाडी पकडते, मध्ये गाडी बदलते आणि एन्नोर बंदराच्या बाजूला एका गोदामात जाते. तिथून जहाजानं परदेशी जाणारा माल कंटेनरमध्ये भरला जातो. त्यातला जो माल धोक्याचा, तो माझ्या ताब्यात. कागद वाचायचे, ड्रम पाहायचे, लेबलं पाहायची, आणि शंका आली तर सही करायची नाही. सही न करणं हा माझ्या नोकरीतला सगळ्यात आनंदाचा भाग आहे. समोरचा माणूस घड्याळ दाखवतो, जहाज दाखवतो, वरच्या साहेबाचं नाव सांगतो, आणि मी पेनाचं टोपण लावते. टोपणाचा तो 'टक' आवाज मला फार आवडतो.

आमच्याकडे वरचेवर येणाऱ्या मालात एक आहे हायड्रोफ्लोरिक ॲसिड. आमचे लोडिंगवाले त्याला 'काच खाणारं' म्हणतात आणि ते खोटं नाही. ते काचेच्या बाटलीत ठेवता येत नाही, बाटलीच खाऊन टाकतं. म्हणून ते जाड प्लॅस्टिकच्या निळ्या ड्रमांतून जातं. ड्रमावर शंकरपाळ्याच्या आकाराची दोन लेबलं असतात. एकावर माणसाच्या हातावर आणि लोखंडी पट्टीवर थेंब पडताना दाखवले आहेत, दुसऱ्यावर कवटी. म्हणजे हे जाळतंही आणि विषही आहे. एका अंगात दोन भूमिका. मला नाटकाचा नाद असल्यामुळे या ॲसिडाबद्दल मला पहिल्यापासून एक प्रकारचा व्यावसायिक आदर आहे.

आमच्या लोकांना त्याची माहिती देण्यासाठी मी वर्षातून तीन-चारदा गोदामात एक छोटा प्रयोग करते. ॲसिडाचं काम मी स्वतः करते. पदर कमरेला खोचून, गालातल्या गालात हसत, मी एका लोडरच्या हातावर बोट ठेवते आणि गोड आवाजात म्हणते, "दुखतंय का? नाही ना? मी कुठं काय केलं? मी पाण्यासारखाच." मग त्याच्या मागून हळूहळू फिरते. "तू घरी जा. जेव. झोप. मी कातडीतून आत उतरतो. मला तुझ्या हाडांतलं कॅल्शियम पाहिजे, रक्तातलं पाहिजे. ते संपलं की मी तुझ्या काळजाला हात घालतो." इथं मी एकदम ओरडते आणि पुढच्या रांगेतले दोघं-तिघं हमखास दचकतात. मग दुसऱ्या भूमिकेत शिरून मी भिंतीवरची पिवळी पेटी उघडते आणि त्यातली ट्यूब तलवारीसारखी उपसते. कॅल्शियमचं मलम. आधी धो धो पाणी, मग हे मलम, मग दवाखाना. हाड चोरायला आलेल्याला दारातच कॅल्शियम देऊन परत पाठवायचं. पडदा.

या प्रयोगात दर वेळी शेरे मारणारा एक प्रेक्षक म्हणजे आमचा फोर्कलिफ्टचा ड्रायव्हर. मी त्याला अण्णा म्हणते, तो मला अक्का म्हणतो. म्हणजे आम्ही दोघंही एकमेकांना वयानं मोठं ठरवतो, आणि दोघांचाही त्यात डाव आहे. तो बोलतो तमिळ, मी इथं मराठीत आणते. "अक्का, इतका गोड व्हिलन असेल तर मुलगी देऊ की त्याला!" असं तो मागून ओरडला की माझ्या प्रयोगाचा चुराडा. पण फोर्कलिफ्टवर बसला की तोच माणूस वेगळा. काठोकाठ भरलेल्या ड्रमांचं पॅलेट, म्हणजे लाकडी फळ्यांचा मोठा पाट, तो जमिनीवर असं टेकवतो की ड्रमातलं पाणीसुद्धा जागं होऊ नये. सगळं उजव्या हातावर. त्या हाताची तीन बोटं लिव्हरवर ठेवून तो मिलिमीटरच्या गोष्टी करतो. ही तीन बोटं लक्षात ठेवा.

आता तो दिवस. तुमच्याकडे ज्याला खंडेनवमी म्हणतात तो आमच्या चेन्नईत आयुधपूजेचा दिवस. इथं तो ज्या उत्साहानं होतो तो पाहिल्याशिवाय कळायचा नाही. बस, रिक्षा, शिवणयंत्र, कॉम्प्युटर, डॉक्टरचा स्टेथोस्कोप, सगळ्यांना आंघोळ, चंदन, कुंकू आणि झेंडूची माळ. हत्यारं देवीपुढे मांडायची आणि दुसऱ्या दिवशीची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. एक दिवस त्यांचीही सुट्टी. मला हा सण मनापासून आवडतो. वर्षभर ज्याच्या जिवावर खातो त्याला एक दिवस नमस्कार करणं यात मला काही गैर दिसत नाही.

आमच्या गोदामात स्टोअररूममध्ये पूजा मांडली होती. प्रत्येकानं आपापलं आयुध आणून ठेवलं. हिशोबवाल्यांनी वह्या, मेकॅनिकनं पाने, लोडरांनी हातमोजे आणि हूक. सुरक्षावाल्यांनी भिंतीवरची लाल कुऱ्हाड काढून ठेवली. आणि मी? मी कशी मागं राहीन? माझं आयुध काय, पेन? छे! मी भिंतीवरची पिवळी पेटी उतरवली. मलमाच्या ट्यूबा, जाड ॲसिडचे हातमोजे, चष्मे, सगळ्यासकट ती वाजतगाजत आत नेली आणि बरोबर मधोमध, देवीच्या पायाशी ठेवली. हिशोबवाल्यांच्या वह्या जरा बाजूला सारून. वर म्हणालेही, "तुमच्या वह्या नसल्या तर कुणी मरत नाही." सगळे हसले. मी खूश.

हाच माझा तिसरा गुन्हा. नोटिशीत नसलेला.

त्या उत्साहात कुणीतरी गोदामातल्या निळ्या ड्रमांनाही चंदनकुंकू लावलं होतं. थेट लेबलावरच्या कवटीच्या कपाळावर. मी ते पाहून पोट धरून हसले. आरती झाली, चुरमुरे आणि फुटाणे वाटले, आणि मॅनेजरसाहेबांनी स्टोअररूमला कुलूप लावलं, कारण आत पितळेची समई होती. किल्ली त्यांच्या खिशात गेली. मग गोदामाच्या दारात, कोलमच्या, म्हणजे आमच्या रांगोळीच्या कडेला, अण्णानं कोहळा फोडला. कोहळ्यात कुंकू घातलेलं असतं. तो दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून त्यानं असा आदळला की लाल पाणी माझ्या नव्या साडीपर्यंत आलं. दृष्ट निघाली. सगळे जायच्या तयारीत.

आमच्या मॅनेजरसाहेबांबद्दल थोडं सांगायला हवं. गृहस्थ सांगलीकडचे. चेन्नईत येऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. माणूस वाईट नाही, पण भित्रा. माझं मराठी ऐकून पहिल्या दिवशी म्हणाले होते, "मॅडम, तुम्ही जुनी बखर वाचून दाखवताय असं वाटतं." मी म्हणाले, "आणि तुम्ही टीव्हीवरच्या बातम्या, साहेब." तेव्हापासून आमचं बरं जमायचं. त्यांना सारखी एकच भीती असे, आपण बाहेरचे, आपल्या हातून इथल्या लोकांच्या रीतीभातीत काही चुकायला नको. त्या भीतीपोटी ते आमच्यापेक्षा जास्त सोवळं पाळायचे.

आणि त्याच साहेबांना त्या दुपारी फोन आला. ॲसिडाचा एक कंटेनर संध्याकाळपर्यंत बंदरात पोचलाच पाहिजे, नाहीतर जहाज चुकेल.

"अण्णाला म्हणावं, दोनच पॅलेट आहेत," साहेब मला म्हणाले. "तुम्ही समजावा. तुमचं ऐकतो तो."

"साहेब, फोर्कलिफ्टची पूजा झालीय. आज तिला हात लावायचा नसतो."

"अहो मॅडम, मी विचारलं गुरुजींना. पूजेनंतर चाकाखाली लिंबं चिरडून एक फेरी मारायचीच असते म्हणे. ती फेरी समजायची."

ते खरंही होतं. गाडीची पूजा झाली की चार चाकांखाली चार लिंबं ठेवतात आणि गाडी पुढे काढतात. साहेबांनी त्या एका फेरीत दोन पॅलेटं बसवली. मी कागद पाहिले, ड्रमांची झाकणं पाहिली, सगळं ठीक होतं. मी सही केली. हो, त्या दिवशी मी सही केली.

अण्णा नवा पांढरा शर्ट घालून फोर्कलिफ्टवर चढला. लिंबं फुटली. पहिलं पॅलेट उचलून तो दाराशी आला आणि थांबला. समोर उतारावर फुटलेल्या कोहळ्याचे तुकडे. त्यावरून चाक घसरलं तर? या शहरात दर आयुधपूजेला कोहळ्यावरून घसरून किती दुचाक्या आडव्या होतात ते रस्त्यावरचा कुणीही सांगेल. अण्णा काळजी घेणारा माणूस. त्यानं पॅलेट हळूच कोलमच्या कडेला टेकवलं, खाली उतरला आणि वाकून हातानंच तुकडे गोळा करायला लागला. हातमोजे कुठं? पूजेत.

मी सावलीत खुर्चीवर बसून चुरमुरे खात होते. माझी नजर कोलमवर गेली. आमच्या घरी कोलम तांदळाच्या पिठाचं असतं, मुंग्यांना खायला मिळावं म्हणून. इथलं चुनखडी दगडाच्या भुकटीचं. त्यातली एक पांढरी रेघ पॅलेटच्या बाजूला ओली झाली होती आणि तिला बारीक फेस येत होता. लिंबू सोड्यात फुटतात तसे बुडबुडे. मी दोन चुरमुरे आणखी खाल्ले. मग माझ्या ध्यानात आलं की कोहळ्याचं पाणी लाल आहे, आणि फेसाकडे जाणारा हा ओघळ स्वच्छ आहे. आणि तो पॅलेटखालून येतोय.

नंतर कळलं की पॅलेटच्या फळीचा एक खिळा वर आला होता. तो ड्रमाच्या बुडाला घासत राहिला होता. वरून पाहणाऱ्या माणसाला तो दिसण्याची सोयच नव्हती. पण त्या क्षणी मला फक्त एवढंच दिसलं की अण्णा त्याच ओघळातले कोहळ्याचे तुकडे उजव्या हातानं उचलतोय आणि बोटं नव्या पँटला पुसतोय.

मी ओरडले. प्रयोगातलं ओरडणं नव्हे. चुरमुरे चहूकडे.

"अण्णा! हात वर! कशाला लावू नकोस! सगळे मागं, वारा येतोय त्या बाजूला, समुद्राकडे!"

साहेब धावत आले. "काय झालं? काय सांडलं?"

"काच खाणारं."

"अहो, कोहळ्याचं पाणी असेल ते."

"कोहळ्याच्या पाण्यानं जमिनीला फेस येत नाही, साहेब."

अण्णा हात वर करून पोलिसांपुढे उभा राहावा तसा उभा. चेहऱ्यावर हसू. "अक्का, काही होत नाही. दुखत नाही. पाणीच आहे."

त्याचं ते 'दुखत नाही' मी लगेच ओळखलं. माझ्याच नाटकातलं वाक्य होतं ते.

मी त्याला ढकलत शॉवरखाली नेलं. आमच्या आवारात अशा वेळेसाठीच एक शॉवर आहे, साखळी ओढली की डोक्यावर बादल्यांनी पाणी पडतं. त्यालाही झेंडूची माळ घातली होती. मी साखळी ओढली. पाणी आणि झेंडू एकदम कोसळले.

"अक्का, नवा शर्ट!"

"काढ तो शर्ट. पँटही काढ. लाजायचं नंतर. हात पाण्याखाली धर. मी येईपर्यंत हलायचं नाही."

पन्नाशीचा माणूस चट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर, डोक्यावर झेंडूची पाकळी चिकटलेली, उभा राहिला. बाकीचे लोक लांबून पाहत होते आणि कुणाला हसावं की घाबरावं कळत नव्हतं. हसायला मला वेळ नव्हता. पाणी ठीक, पण पाण्यानं हे काम पुरं होत नाही. आता मलम हवं. आणि मलम देवीच्या पायाशी, कुलपाआड. माझ्याच हातांनी ठेवलेलं.

"साहेब, किल्ली."

साहेबांचा हात खिशाकडे गेला आणि तिथंच थांबला. "मॅडम, पूजा मांडलेली आहे. उद्या सकाळपर्यंत उठवायची नाही. लोक काय म्हणतील? मी बाहेरचा माणूस. उद्या कुणी काम बंद पाडलं तर?"

"मी आतली आहे. मी उठवते. किल्ली द्या."

"दवाखान्यात मिळेल ना ते मलम. गाडी काढतो."

"दवाखान्यात असेलच असं नाही, म्हणून तर आपण ते भिंतीवर ठेवतो."

"ठेवतो, ना?" साहेब म्हणाले. "मग भिंतीवर का नाही?"

बोलती बंद व्हावी असा प्रश्न होता तो. पण माझी बोलती आजवर कुणी बंद केलेली नाही, आणि ती वेळ तर अजिबात नव्हती. "मी मूर्खपणा केला म्हणून," मी म्हणाले. "त्याची शिक्षा मज द्या. त्याच्या बोटांना नको."

"एक मिनिट. वरच्या साहेबांना विचारतो." आणि ते फोन कानाला लावून, किल्ली खिशातच घेऊन, फाटकाकडे निघाले. आमच्या आवारात फोनला नीट रेंज फक्त फाटकाशी येते.

मी त्यांच्या पाठीमागून ओरडले, आणि हे वाक्य आमच्या लोकांना आजही पाठ आहे. "जहाजासाठी फोर्कलिफ्ट पूजेतून उठते, साहेब, आणि माणसासाठी पेटी उठत नाही?"

साहेब वळले, पण तोपर्यंत मी निघाले होते. कुलूप फोडायला कुऱ्हाड हवी. कुऱ्हाड? पूजेत. पाना? पूजेत. हातोडा? पूजेत. त्या दिवशी आमच्या गोदामात कुणाच्याही हातात काही नव्हतं, सगळी हत्यारं आत बसून चुरमुऱ्यांचा नैवेद्य पाहत होती. भिंतीवर एक आग विझवायचं लाल नळकांडं तेवढं टांगलेलं राहिलं होतं, गळ्यात हार घालून. मी ते हारासकट उतरवलं आणि त्याचं बूड कुलपावर घातलं. पहिल्या घावाला काही झालं नाही. दुसऱ्या घावाला कडी वाकली. तिसरा घाव घालताना मी काय ओरडले ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण ते तंजावरच्या अस्सल मराठीत होतं. दार उघडलं.

आत समई जळत होती. देवी पुढ्यात. मी चपला काढल्या नाहीत. पेटी उचलली तेव्हा वह्यांचा ढीग कोसळला, चुरमुरे सांडले. मी देवीकडे पाहिलं आणि म्हणाले, "आई, ही इथं आणून ठेवायला नको होती. चूक माझी. नेते." तिनं काही हरकत घेतली नाही. फोटोतल्या चेहऱ्यावर मघाचंच हसू होतं.

बाहेर येऊन मी जाड हातमोजे चढवले. ट्यूबेच्या तोंडावर चंदन वाळून बसलं होतं. ते दातांनी, हो, दातांनी उकरून मलम बाहेर काढलं आणि अण्णाच्या तिन्ही बोटांवर थापलं. मग चोळायला सुरुवात केली. नखांच्या कडांत, पेरांत, बोटांच्या बेचक्यांत.

साहेब परत आले होते. फोन त्यांच्या हातात लोंबत होता. कुलपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "वरच्या साहेबांचा फोन लागला नाही," ते हळूच म्हणाले.

"आता माझं ऐका," मी चोळता चोळता म्हणाले. "मी याला घेऊन जाते. ॲसिड पाठवणाऱ्या कंपनीच्या आपत्कालीन माणसांना फोन करा, नंबर कागदावर पहिल्याच पानावर आहे. अग्निशामकांना कळवा. ते येईपर्यंत तुम्ही वारा येतोय त्या बाजूला, फाटकाशी उभे राहा आणि कुणालाही आत सोडू नका. स्वतःही पुसायला जाऊ नका."

या माणसाचं एक मला सांगितलंच पाहिजे. ते दिवस मावळेपर्यंत तिथं उभे राहिले. पाणीसुद्धा न पिता. आत घुसू पाहणाऱ्या कंटेनरच्या ट्रकवाल्याला त्यांनी मोडक्या तमिळमध्ये इतकं फैलावर घेतलं की तो माघारी गेला. त्यांना सूचना लिहून दिली की ते वाघ होतात. स्वतःहून काही करायचं म्हटलं की पंचाईत.

गाडीत मी अण्णाचा हात मांडीवर घेऊन चोळत बसले. तो कुणाची तरी लुंगी गुंडाळून बसला होता. पहिली काही मिनिटं तो माझी थट्टा करत होता. "अक्का, एवढं चोळून चोळून तू माझ्या हाताची चपाती करणार." रस्ता ट्रकांनी भरलेला. थोड्या वेळानं मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कपाळावर घाम.

"अक्का," तो म्हणाला, "तुझा व्हिलन आला."

"कुठं?"

"आत. नखाखाली. कुणीतरी आतून पिळतंय." आणि मग अगदी बारीक आवाजात, "बोटं राहतील ना? याच तीन बोटांवर माझं घर चालतं, अक्का."

मी म्हणाले, "राहतील. न राहून जातात कुठं?" आवाज मुद्दाम मोठा ठेवला आणि दुसरी ट्यूब फोडली.

दवाखान्यात समोर आली ती एक तरुण डॉक्टर. तिनं बोटं पाहिली. जराशी लाली, बाकी काही नाही. "किरकोळ आहे," ती म्हणाली, "मलम लावा, उद्या दाखवा." तिची चूक नव्हती. दिसत होतं ते किरकोळच होतं. पण मी त्या दिवशी कुणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. ॲसिडाबरोबर जो माहितीचा कागद प्रवास करतो तो मी पदरात खोचून आणला होता. मी तो काढला आणि त्या गर्दीनं भरलेल्या हॉलमध्ये उभी राहून पहिल्या ओळीपासून वाचायला लागले, नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात. "'वेदना उशिरा सुरू होऊ शकतात!' ऐकताय ना डॉक्टर? 'रक्तातलं कॅल्शियम तपासावं!' 'हृदयावर लक्ष ठेवावं!'" बाकावरचे पेशंट आपली दुखणी विसरून ऐकत होते. एका आजोबांनी तर मान डोलावली.

त्या मुलीला राग यायला हवा होता. तिनं माझ्या हातातून कागद घेतला, उभ्या उभ्या पूर्ण वाचला आणि फोन करून मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. पाचच मिनिटांत अण्णाच्या छातीला तारा लागल्या, रक्त घेतलं गेलं, बोटांत कॅल्शियमची इंजेक्शनं सुरू झाली. जाताना ती मला म्हणाली, "मावशी, हा कागद मी ठेवून घेऊ?" मी म्हणाले, "ठेव. पाठ कर."

अण्णा काही दिवस दवाखान्यात होता. मधल्या बोटाचं नख काळं पडून गेलं आणि नवीन आलं ते जरा वाकडं. बाकी सगळं जागेवर. मोठे डॉक्टर म्हणाले, मलम लगेच लागलं म्हणून. मी ते वाक्य त्यांच्याकडून लिहून घेतलं. मला माहीत होतं, लागणार आहे.

कारण कामावर परत गेले तर टेबलावर दोन कागद. एक नोटीस. दुसरा अपघाताचा अहवाल, माझ्या सहीसाठी तयार. त्यात लिहिलं होतं, 'पाण्याची किरकोळ गळती, एका कामगारास त्वचेचा दाह.'

साहेब समोर उभे. "मॅडम, वरून आलंय. सही केलीत की नोटीस मागं घेतील. मी बोललोय."

मी पेन काढलं. साहेबांचा चेहरा उजळला. मी टोपण लावलं. टक.

मग मी माझा स्वतःचा अहवाल लिहिला. साडेतीन पानं. त्यात खिळा लिहिला, कोहळा लिहिला, लिंबांवरून मारलेली फेरी लिहिली, बंद दार लिहिलं, मोठ्या डॉक्टरांचं ते वाक्य जोडलं. सगळ्यात वर, ठळक अक्षरांत लिहिलं की आपत्कालीन पेटी भिंतीवरून काढून पूजेत ठेवणारी व्यक्ती मीच. चौकशीला तिघं आले. त्यांच्यातल्या एकानं विचारलं, "बाई, लोकांच्या भावना दुखावतील याचा विचार नाही केला?" मी उत्तर द्यायच्या आत अण्णा उठला. तो त्या दिवशी पहिल्यांदाच कामावर आला होता. त्यानं काही भाषण केलं नाही. उजवा हात वर केला, पाचही बोटं पसरली आणि म्हणाला, "मोजा."

कुणी मोजली नाहीत. अहवाल माझाच गेला. नोटीस मात्र मागं घ्यायला ते विसरले, की मुद्दाम ठेवली, मज माहीत नाही. मीही विचारलं नाही.

या वर्षीच्या आयुधपूजेला साहेब सकाळीच उत्साहानं भिंतीपाशी गेले आणि पिवळी पेटी उतरवू लागले, पुसून परत लावायला असेल कदाचित. अण्णानं दोन्ही हात पसरून त्यांना अडवलं. "ही नाही, सर. हिला चंदन इथंच." मग गुरुजींना भिंतीपाशी यावं लागलं. पेटीला उभ्यानंच पूजा मिळाली, शॉवरला माळ घातली ती साखळीपासून हातभर लांब, आणि ॲसिडाच्या लेबलांवर चंदनकुंकू चढलं नाही. माझ्या प्रयोगात आता ॲसिडाचं काम अण्णा करतो. मागितलंच त्यानं ते. म्हणतो, तुझ्यापेक्षा मी त्याला जवळून ओळखतो. काम करतो बरं, पण फार लांबवतो. वाकडं नख सगळ्यांना दाखवत फिरतो.

राहता राहिलं माझं आयुध. पेटी भिंतीवर म्हटल्यावर देवीपुढे मी काय ठेवायचं? मी ड्रॉवर उघडला, नोटीस काढली, तिच्यावर चंदनाचा एक ठसठशीत टिळा लावला आणि मधोमध ठेवली. हिशोबवाल्यांच्या वह्या जरा बाजूला सारून. दुसऱ्या दिवशी पुन्हा पूजा झाली, प्रत्येकानं आपापलं हत्यार उचललं. साहेबांनी विचारलं, "मॅडम, तुमची नोटीस?"

"राहू दे तिथंच," मी म्हणाले. "पुढच्या कुलपाच्या वेळी लागेल."